राउटरला लावलेली हार्डडिस्क कॉम्प्युटरवर उघडत नाहीये? विंडोज का अडवतंय आणि करायचं काय

घरातल्या वायफाय राउटरची मागची बाजू एकदा बघा. धूळ पुसून बघा. वायरींच्या गर्दीत एखादं चपटं यूएसबी पोर्ट दिसेल, पेनड्राईव्ह लावतो तसलंच. सगळ्याच राउटरना ते नसतं, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनीही राउटर आला त्या दिवसापासून त्यात काही लावलेलं नसतं. फार तर मोबाईल चार्ज करायला कोणीतरी वायर खुपसलेली असते.

या पोर्टचं खरं काम वेगळं आहे. त्यात हार्डडिस्क लावली की ती डिस्क घरातल्या सगळ्यांची होते. ताईच्या लॅपटॉपवरून, बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवरून, टीव्हीवरून, मोबाईलवरून, कुठूनही तीच डिस्क उघडता येते. वायर काढा, दुसरीकडे लावा, परत काढा, ही कसरत संपते.

आणि जागेची गरज आता सगळ्यांनाच पडलीये. गूगलची फुकटातली जागा १५ जीबी. त्यातच जीमेल, त्यातच ड्राईव्ह आणि १ जून २०२१ पासून फोटोसुद्धा त्यातच मोजले जातात. "स्टोरेज भरलंय, पैसे भरा" हा मेसेज दर आठवड्याला येतो. मग कपाटातली जुनी हार्डडिस्क आठवते. राउटरला लावू, महिन्याचं भाडं वाचवू.

विचार चांगलाच आहे. डिस्क लावता, राउटरवरचा यूएसबीचा दिवा लागतो, कॉम्प्युटरवर जाऊन फोल्डर उघडायला जाता आणि विंडोज सांगतं, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे हा फोल्डर उघडता येणार नाही.

घरी बसलोय. संस्था कुठली?

इथे वैतागून लोक यूट्यूबवर जातात. तिथे कोणीतरी विंडोजच्या एका यादीत टिक मारायला सांगतं. टिक मारली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला की बऱ्याचदा डिस्क उघडते. प्रश्न सुटला असं वाटतं. पण त्या टिकचा संबंध २०१७ साली आपल्या न्हावा-शेवा बंदरात अडकलेल्या कंटेनरशी आहे. तो कसा, ते पुढे येईलच. आधी सरळ रस्ता बघू.

राउटर हाही एक कॉम्प्युटरच

राउटर म्हणजे वायफाय फेकणारा डबा, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण त्याच्या पोटात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि बहुतेक राउटरमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. यूएसबी पोर्टला डिस्क लावली की हा छोटा कॉम्प्युटर ती वाचतो आणि घरातल्या बाकीच्यांना वाटतो.

हे वाटप करायला एक ठरलेली भाषा लागते. तिचं नाव एसएमबी, म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी ती तयार केली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि वाढवली. विंडोजवाल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फोल्डर शेअर होतो तो याच भाषेत.

मग लिनक्सवाल्या राउटरला ही भाषा कशी येते? १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल याने एक प्रोग्रॅम लिहिला. विंडोज नसलेल्या कॉम्प्युटरलाही हे बोलणं जमावं म्हणून. एस, एम, बी ही तीन अक्षरं असलेला शब्द शोधता शोधता त्याला 'सांबा' हा नाचाचा शब्द सापडला आणि तेच नाव पडलं. हा सांबा फुकट आहे, खुला आहे आणि तुमच्या राउटरमध्ये जो शेअरिंगचा पर्याय दिसतो त्याच्या मागे बहुतेक वेळा तोच असतो. काही राउटरच्या सेटिंगमध्ये तर 'सांबा' असं नावच लिहिलेलं असतं.

गोची एवढीच, की या भाषेच्या आवृत्त्या आहेत. पहिली फार जुनी. दुसरी विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ साली विंडोज ८ बरोबर. तुमच्या राउटरला कुठली येते यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी डिस्क आणि राउटर यांचं जुळवा

डिस्क लावण्याआधी तिचं फॉरमॅट बघा. कॉम्प्युटरला थेट लावून, डिस्कवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की 'फाईल सिस्टीम' पुढे लिहिलेलं असतं. फॅट३२ असेल तर राउटर ती नक्की वाचेल, पण ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाईल तिच्यात बसणार नाही. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिलेली फाईल सहज त्याहून मोठी असते. एक्सफॅट असेल तर जुना राउटर ती ओळखेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटची माहिती २०१९ साली खुली केली आणि त्यानंतर ते लिनक्सच्या गाभ्यात आलं. त्याआधीच्या राउटरवर भरवसा ठेवू नका.

बहुतेक घरांसाठी एनटीएफएस सोयीचं पडतं. मॅकवाले म्हणतील, आमच्या मॅकवर एनटीएफएस डिस्क फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. डिस्क थेट लावली तर ते खरं आहे. पण राउटरमार्फत गेलात तर डिस्कवर लिहिण्याचं काम राउटर करतो, मॅकला फॉरमॅटशी देणंघेणं उरत नाही.

फॉरमॅट बदललं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगते.

आणखी एक. पहिल्यांदा भरायचा मोठा साठा, म्हणजे गेल्या दहा वर्षांचे फोटो वगैरे, वायफायवरून टाकत बसू नका. डिस्क कॉम्प्युटरला थेट लावा, सगळं कॉपी करा आणि मग ती राउटरला लावा. राउटरकडून सेकंदाला १५ एमबीचा वेग मिळाला असं धरलं, तर १०० जीबी जायला पावणेदोन तासांच्या वर लागतात. मधेच लाईट गेली की परत पहिल्यापासून.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं. त्याचा पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. बऱ्याच ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राउटरला १९२.१६८.२९.१. (ब्राउझरमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.) स्टिकर फाटला असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत, सलग लिहून एंटर मारा. 'डीफॉल्ट गेटवे' या ओळीपुढे आकडा दिसेल, तोच पत्ता.

आत गेल्यावर यूएसबी किंवा स्टोरेज नावाचा विभाग शोधा. टीपी-लिंकमध्ये तो 'ॲडव्हान्स्ड' खाली 'यूएसबी' या नावाने असतो, नेटगिअर याला 'रेडीशेअर' म्हणतं, आसुसकडे 'एआयडिस्क' आहे. नावं वेगळी, काम एकच. तिथे डिस्कचं नाव आणि किती जागा उरली ते दिसायला हवं. दिसत नसेल आणि डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल, तर तिला वीज कमी पडतेय. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपियर देतं, यूएसबी ३ चं ९००. जुन्या फिरत्या डिस्कला कधीकधी ते पुरत नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेलं यूएसबी हब मधे लावलं की काम होतं.

त्याच पानावर शेअरिंगसाठी नाव आणि पासवर्ड ठेवायची सोय असते. ती सुरू करा. "घरातच तर वापरायचंय, पासवर्ड कशाला" असं म्हणून अर्धे लोक इथेच ते सोडून देतात आणि पुढे विंडोज अडवतं ते बऱ्याचदा याच कारणाने.

कॉम्प्युटरवरून उघडायचं ते असं

विंडोजमध्ये कुठलाही फोल्डर उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे राउटरचा पत्ता लिहा. असं: \\१९२.१६८.१.१ (पुन्हा, इंग्रजी आकडे). एंटर. नेटगिअर असेल तर आकड्यांऐवजी 'रेडीशेअर' हा शब्द इंग्रजीत लिहिला तरी चालतं.

डावीकडच्या 'नेटवर्क' वर क्लिक करून राउटरचं चित्र दिसण्याची वाट बघत बसू नका. ती यादी पूर्वी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधाराने बनायची. आता विंडोज वेगळ्या पद्धतीने शोध घेतं आणि बऱ्याच राउटरना ती पद्धत येत नाही. यादीत नाव नाही याचा अर्थ डिस्क पोहोचत नाही असा होत नाही. थेट पत्ता टाकला की उघडते. कितीतरी लोक या एका गोष्टीवर आख्खा रविवार घालवतात.

मग नाव आणि पासवर्डची चौकट येते. इथे कोणता पासवर्ड? वायफायचा नाही. कॉम्प्युटर उघडताना टाकता तो चार आकडी पिनही नाही आणि मायक्रोसॉफ्टचा ईमेलही नाही. राउटरच्या शेअरिंगच्या पानावर जे नाव आणि पासवर्ड ठेवलात ते. काही राउटरमध्ये शेअरिंगचं वेगळं खातं नसतं, तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये शिरताना वापरता तेच चालतं. एकदा चुकीचा पासवर्ड "लक्षात ठेव" म्हणून टिक केलात तर विंडोज तोच चुकीचा पासवर्ड पुनःपुन्हा पाठवत राहतं. अशा वेळी कंट्रोल पॅनलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये जाऊन राउटरच्या पत्त्याची नोंद काढून टाका.

डिस्क उघडली की ती कायमची जोडून ठेवता येते. 'धिस पीसी' मध्ये 'मॅप नेटवर्क ड्राईव्ह' निवडा, झेडसारखं एखादं अक्षर द्या आणि पुन्हा साइन-इन केल्यावर जोडणी करण्याच्या पर्यायावर टिक ठेवा. मग सी, डी यांच्या शेजारी झेड ड्राईव्ह दिसतो. घरातल्या ज्येष्ठांना एवढंच दाखवलं तरी पुरतं. "बाबा, फोटो झेडमध्ये टाका."

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के ही बटणं एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत एसएमबी ही अक्षरं इंग्रजीत, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, दोन सरळ तिरक्या रेघा आणि राउटरचा पत्ता. आयफोनवर आयओएस १३ पासून 'फाइल्स' ॲपमध्येच सर्व्हरला जोडण्याची सोय आहे. अँड्रॉइडवर आणि अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाका, त्यातल्या स्थानिक नेटवर्कच्या भागात डिस्क दिसते.

नवा राउटर असेल तर गोष्ट इथे संपते. जुना असेल तर इथे सुरू होते.

विंडोज दार का उघडत नाही

१४ मार्च २०१७. मायक्रोसॉफ्टने एक सुरक्षा अपडेट सोडलं. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधल्या हाताळणीत एक भगदाड होतं, ते बुजवण्यासाठी. दूर बसलेला माणूस पासवर्ड न टाकता तुमच्या कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम चालवू शकेल, असलं ते भगदाड होतं. महिनाभरात, १४ एप्रिलला, 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने त्यातून आत शिरण्याचं आयतं हत्यार इंटरनेटवर टाकून दिलं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडचं हे हत्यार. नाव 'इटर्नलब्लू'.

१२ मे रोजी वॉनाक्राय पसरला. कॉम्प्युटरवरच्या फाईल कुलूपबंद करून ३०० डॉलर मागणारा हा व्हायरस एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात कोणी काही क्लिक न करता जात होता, याच भगदाडातून. १५० देश, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचं काम विस्कळीत झालं, रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटर सापडले.

आणि २७ जूनला नॉटपेट्या. सुरुवात युक्रेनमधून, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत. एकदा एखाद्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला की आत पसरायला तो इतर युक्त्यांबरोबर इटर्नलब्लूही वापरायचा. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात आडवी झाली. मर्स्क समूह चालवतो ते जेएनपीटीमधलं टर्मिनलही ठप्प झालं. न्हावा-शेवात कंटेनर अडकले. मर्स्कने नंतर स्वतःचं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं.

मजेची गोष्ट म्हणजे मायक्रोसॉफ्टमधले नेड पाइल हे सप्टेंबर २०१६ मध्येच जाहीरपणे लिहीत होते की एसएमबीची पहिली आवृत्ती वापरणं थांबवा. फार कोणी मनावर घेतलं नाही. वॉनाक्रायनंतर घेतलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकलं तर पहिली आवृत्ती एक तर येतच नाही, किंवा काही दिवस वापरली गेली नाही तर आपोआप निघून जाते.

पुढे आणखी एक दार बंद झालं. नाव-पासवर्ड न विचारता 'पाहुणा' म्हणून आत घेणाऱ्या फोल्डरवरही विंडोज टप्प्याटप्प्याने नाही म्हणायला लागलं. आधी कंपन्यांसाठीच्या विंडोजमध्ये, मग २०२४ च्या विंडोज ११ २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीतही. तुमच्या "संस्थेचं धोरण" म्हणतं ते हेच. हा मेसेज ऑफिसांसाठी लिहिलेला आहे, तो घरीही जसाच्या तसा दिसतो. ज्याच्या आत कोणीही जाऊ शकतं त्या फोल्डरच्या नावाने दुसरंच कोणी खोटा फोल्डर तुमच्यापुढे ठेवू शकतं, अशी त्यामागची भीती आहे. याच आवृत्तीपासून प्रोमध्ये प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सहीसुद्धा लागते. पाहुण्याला सही करता येत नाही आणि काही राउटरना खातं असूनही येत नाही.

म्हणजे विंडोज बदललं. राउटर जिथे होता तिथेच राहिला. राउटरमध्ये सॉफ्टवेअरसाठी जागा फार थोडी असते, टीपी-लिंकच्या एकेकाळी खूप खपलेल्या आर्चर सी७ च्या अनेक आवृत्त्यांमध्ये ती अवघी १६ एमबी आहे. व्हॉट्सॲपवर येणारा एखादा व्हिडिओ त्याहून मोठा असतो. त्यामुळे कंपन्यांनी सांबाची जुनी, आटोपशीर ३.० मालिका घेतली आणि बऱ्याच राउटरमध्ये ती तशीच वर्षानुवर्षं राहिली. एसएमबीची दुसरी आवृत्ती सांबामध्ये नीट आली ती २०११ च्या ३.६ मध्ये. त्याआधीचा सांबा असलेला राउटर फक्त पहिली भाषा बोलतो, जी तुमच्या विंडोजने आता सोडलीये.

मग मार्ग काय

यूट्यूबवाली टिक म्हणजे विंडोजच्या फीचर्सच्या यादीतलं 'एसएमबी १.०' परत सुरू करणं. माझं मत स्पष्ट आहे, ती मारू नका. २०१७ चं भगदाड अपडेट केलेल्या विंडोजमध्ये बुजलेलं आहे, हे खरं. पण ही आवृत्ती मुळात अशा काळातली आहे जेव्हा नेटवर्कवरचा प्रत्येक जण ओळखीचा असायचा. नंतरच्या आवृत्त्यांत मधल्या माणसाने ढवळाढवळ करू नये म्हणून जी सोय आली, ती तिच्यात नाही. एका हार्डडिस्कसाठी, ज्या लॅपटॉपवर तुम्ही बँकेचं काम करता, त्याचं कुलूप सैल करायचं हा सौदा महागात पडणारा आहे. आधीच कोणी टिक मारून दिली असेल तर त्याच यादीत जाऊन काढा. कधीकधी दुरुस्तीवालाच मारून जातो आणि सांगत नाही.

दुरुस्ती करायची ती राउटरच्या बाजूने. पहिलं काम, राउटरचं फर्मवेअर अपडेट करणं. बऱ्याच कंपन्यांनी २०१७ नंतर काही मॉडेलना नवी आवृत्ती दिली. अपडेटनंतर यूएसबीच्या पानावर पुन्हा नीट बघा. आसुसच्या अनेक राउटरमध्ये एसएमबीची आवृत्ती निवडायचा पर्याय असतो, तिथे दुसरी निवडायची, 'दोन्ही' नाही. दुसरं काम वर सांगितलंच, नाव-पासवर्ड सुरू करणं. मेसेज पाहुण्यांबद्दल असेल तर एवढ्यानेच तो बऱ्याचदा जातो.

ब्रॉडबँड कंपनीने दिलेला राउटर असेल तर फर्मवेअर बहुधा तुमच्या हातात नसतं, कंपनी पाठवेल तेव्हाच येतं. कस्टमर केअरला विचारून बघा. मात्र समोरच्याला तुम्ही यूएसबी पोर्टबद्दल बोलताय हे पटवण्यातच दहा मिनिटं जातात, ही तयारी ठेवा.

काहीच जमलं नाही तर डिस्कचा वापर बदला. त्याच पानावर 'मीडिया सर्व्हर' असा पर्याय असतो. त्याला एसएमबी लागत नाही. टीव्हीवर किंवा कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसीत सिनेमे आणि फोटो बघता येतात, नवीन टाकता येत नाहीत, पुसताही येत नाहीत. पण यात पासवर्ड नसतो, घरच्या वायफायवरच्या प्रत्येकाला ते दिसतं. त्यामुळे सिनेमे ठेवा, आधार कार्डाचे स्कॅन नकोत. हाताशी एखादा चालू जुना लॅपटॉप असेल तर त्यालाच डिस्क लावून फोल्डर शेअर करणं हा अनेकदा राउटरपेक्षा बरा उपाय ठरतो. आणि ज्यांना खटपटीची आवड आहे त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी नावाचं खुलं फर्मवेअर आहे, आर्चर सी७ सारख्या जुन्या राउटरवरही ते चालतं आणि त्यात नवा सांबा टाकता येतो. चुकीची फाईल टाकली तर मात्र राउटरचा पेपरवेट होतो.

डिस्क आणखी कोणाला दिसतेय?

इथपर्यंत आपण डिस्क आपल्याला कशी दिसेल ते बघितलं. याची उलटी बाजू जास्त गंभीर आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये आसुसचे राउटर वापरणाऱ्या काही लोकांना आपल्याच हार्डडिस्कवर एक अनोळखी फाईल सापडली. उघडली तर आत इशारा होता, तुमचा राउटर आणि तुमची कागदपत्रं जगातलं कोणीही उघडू शकतं. हे लिहिणारे परके लोकच होते आणि त्यांनी ते करून दाखवलं होतं.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याची चौकशी केली. १२,९०० हून जास्त ग्राहकांच्या राउटरला जोडलेल्या साठ्यात परक्यांनी शिरकाव केल्याचं त्यांनी मांडलं. एआयडिस्क सुरू करून देणाऱ्या मार्गदर्शकात आधीच निवडलेला पर्याय 'अमर्याद प्रवेश' हा होता, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणालाही. मर्यादित प्रवेश निवडला तर राउटर स्वतःहून नाव सुचवायचा 'फॅमिली' आणि पासवर्डही 'फॅमिली'. लोकांना वाटत होतं आपण घरच्यांसाठी डिस्क लावतोय. फेब्रुवारी २०१६ मध्ये आसुसने तडजोड केली आणि २० वर्षं आपली सुरक्षा बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचं बंधन स्वीकारलं.

ही चूक एका कंपनीची होती, पण बाहेरून डिस्क उघडण्याची सोय आजही अनेक राउटरमध्ये आहे. टीपी-लिंकच्या पानावर 'लोकल एफटीपी' आणि 'इंटरनेट एफटीपी' असे दोन वेगळे पर्याय शेजारी शेजारी असतात. दुसरा बंदच असू द्या. एफटीपीत नाव आणि पासवर्ड दोन्ही उघडे जातात, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे. ऑफिसातून घरची डिस्क उघडायचीच असेल तर राउटरमध्ये व्हीपीएनची सोय आहे का ते बघा.

कोणी म्हणेल, भारतात बऱ्याच घरांना इंटरनेटवर स्वतःचा वेगळा पत्ता नसतोच, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, मग बाहेरून कोण येणार? त्याने थोडा आडोसा मिळतो हे खरं. पण आयपीव्ही६ वर प्रत्येक घराला स्वतंत्र पत्ते मिळतात आणि कंपनी व्यवस्था कधी बदलेल ते आपल्याला कोणी कळवत नाही.

लाईट, वायफाय आणि एकच प्रत

या डिस्कला बॅकअप समजू नका. मोबाईलमधून फोटो इथे हलवून मोबाईलमधून पुसले, तर ती एकमेव प्रत झाली, आणि तीही चोवीस तास चालू, गरम राउटरशेजारी ठेवलेली. लिहिणं सुरू असताना लाईट गेली तर फाईलच काय, कधीकधी आख्ख्या डिस्कची यादी बिघडते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बऱ्याच घरांत आता आहेच, पण तो डिस्कचाही भार घेईल का ते बघून घ्या. डिस्क काढताना राउटरच्या पानावर 'सेफली रिमूव्ह' सारखं बटण असतं, ते आधी दाबा. मोलाचं जे आहे त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात.

डिस्क लावल्यापासून वायफाय मंद झालं असं वाटत असेल तर तोही भास नसेल. यूएसबी ३ च्या वायरीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये मिसळतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय. जरा लांब आणि चांगल्या प्रतीची वायर घेऊन डिस्क राउटरच्या अँटेनापासून दूर ठेवा, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा, किंवा राउटरमध्ये पोर्ट यूएसबी २ वर आणायचा पर्याय असेल तर तो वापरा.

सगळं लावून झालं की एक तपासणी करा, दोन मिनिटांची. राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय सुरू असेल तर मोबाईल त्याला जोडा आणि व्हीएलसीत डिस्क दिसते का बघा. दिसली, तर गेस्टच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांना घरचं नेटवर्क बघू देणारा पर्याय सुरू राहिलाय. तो बंद करा आणि पुन्हा बघा. गेस्ट वायफाय नसेलच, तर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही मुख्य वायफायचा पासवर्ड देत आला आहात. तो आज बदला आणि डिस्कचा पासवर्ड त्याच्यापेक्षा वेगळा ठेवा.